पोर्टलला चालेल असा माणूस कसा व्हावा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या माझ्या मराठी बंधू-भगिनींनो, आधी एक गोष्ट मान्य करून टाका. देशाचं डिजिटल धोरण बरोबरच आहे. १ जुलै २०१५ रोजी ‘डिजिटल इंडिया’ सुरू झालं. त्याला नऊ खांब आहेत आणि नऊच्या नऊ सरळ उभे आहेत. वाकडे आहात ते तुम्ही. नाव अवघड, बोटं झिजलेली, पोरं परमुलखात, गाव रानात. धोरणाने तुमचं किती म्हणून सोसायचं? सुधारायचंय ते तुम्हालाच.

सुरुवात नावापासून करू. तुमचं नाव ज्ञानेश्वर असेल, तर ते ठेवताना आज्ज्याने पोर्टलचा विचार केला नव्हता हे उघड आहे. मराठी शाळेच्या दाखल्यावरून ते आधारवर गेलं आणि इंग्रजीत ‘डी’ने सुरू झालं. शेताच्या उताऱ्यावर तेच नाव कानडीत होतं, तिथून कुणीतरी इंग्रजीत नेलं आणि ते ‘जे’ने सुरू झालं. झाले दोन शेतकरी. एकाकडे जमीन आहे पण आधार नाही, दुसऱ्याकडे आधार आहे पण गुंठाभर जमीन नाही. पीएम-किसानचे वर्षाचे ६००० रुपये यातल्या कुणाला द्यावेत, या विचारात संगणक बसलाय. त्याचं काय चुकलं? म्हणून यापुढे बारशाला आत्याने कानात कुर्रर्र करायच्या आधी कॉम्प्युटर सेंटरवाल्या पोराला विचारून यावं. ‘ज्ञ’ टाळा, ‘ऋ’ टाळा. ‘राम’ चालेल, पण तो एका ‘ए’चा की दोन ‘ए’चा हे पाळण्यातच ठरवा. नाहीतर पुढे वारसा लावताना भाऊ-भाऊ भांडायच्या आधी स्पेलिंगंच भांडतील.

आता बोटं. निपाणीत बिडी वळणाऱ्या आक्कांना हात जोडून सांगणं आहे, रेशनच्या दुकानात येताना चांगली बोटं घेऊन येत चला. एकदा उभं राहून बघा. आक्का अंगठा टेकवते, यंत्र नको म्हणतं. ती अंगठा पदराला पुसते. नको. केसांतून फिरवते, जरा तेल लागावं म्हणून. तरी नको. मग तर्जनी, मग मधलं, मग डावा हात. मागची रांग चुळबुळ करते. दहाही बोटं संपली की दुकानदार म्हणतो, “उद्या या की वो आक्का, आज तुमचं बोट येईना झालंय.” बोट तर तिथेच आहे, हाताला! पण उभा जन्म पानं कातरून, दुमडून वरच्या रेषा गेल्या त्या गेल्या. यावर उपाय सोपा आहे. पोरीला वळायला बसवाल तेव्हा तिचा एक अंगठा कामातून वगळा आणि लग्नातला शालू जपता तसा फक्त सरकारसाठी जपून ठेवा. अंगठ्याशिवाय बिडी वळत नाही म्हणता? मग रेशन हवं की बिडी, हे एकदा ठरवा.

अंगठा नाही चालला तर ओटीपी आहेच, ही धोरणाची माया. तो लिंक केलेल्या मोबाईलवर येतो, मोबाईल पोराच्या नावावर असतो आणि पोरगं गोव्यात वेर्ण्याच्या कारखान्यात शिफ्टला असतं. ओटीपीची मुदत मिनिटांची, शिफ्टची तासांची. तेव्हा आईच्या रेशनच्या दिवशी पोराने रजा टाकावी. पगार कापला जाईल, पण तांदूळ मिळेल.

खानापूरच्या पश्चिमेला, भीमगडच्या रानातल्या लोकांबद्दल मला जास्त बोलवत नाही. २०२० च्या १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून सांगितलं गेलं की १००० दिवसांत देशातल्या सहा लाखांहून जास्त गावांत ऑप्टिकल फायबर पोचेल. ते दिवस २०२३ च्या मे महिन्यात भरले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने भारतनेटच्या, म्हणजे गावोगावी फायबर नेणाऱ्या योजनेच्या, पुढच्या टप्प्याला १.३९ लाख कोटी मंजूर केले. मुदत संपल्यावर पैसे आले म्हणून नाक मुरडू नका. दरम्यान, त्याच वर्षीच्या १ जानेवारीपासून उद्योग खात्रीच्या, म्हणजे रोजगार हमीच्या, कामावरची हजेरी मोबाईलवर सक्तीची झाली, दिवसातून दोन फोटो. पावसात चिखलात उभं राहून फोटो काढायचा आणि तो वर चढवण्यासाठी आपण टेकडीवर चढायचं. त्या चढाची मजुरी कुणी मागू नये.

नेटवर्कच्या बाबतीत वेंगुर्ला रस्त्याकडचे लोक नशीबवान. शिनोळीकडे निघालात की फोन आपोआप महाराष्ट्रात जातो. आपण १९५६ पासून जातोय, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात सीमाप्रश्नाचा दावा आहे. फोनला तारीख लागत नाही.

भाषेचं रडगाणं मात्र बंद करा. केंद्राने २०२२ मध्ये भाषांतर करून देणारी ‘भाषिणी’ आणली, २२ भाषांसाठी, त्यात मराठी आहे. तुमच्या दाखल्याचा अर्ज राज्याच्या पोर्टलवर असतो आणि तिथे कानडी आणि इंग्रजी असते, एवढाच काय तो फरक. तालुक्यात १५ टक्के भाषिक अल्पसंख्याक असतील तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे ठरलंय ते कागदाच्या जमान्यात. राज्यघटनेचा ३५० वा अनुच्छेद म्हणतो की गाऱ्हाणं देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. मांडा की! रकाना लाल झाला तर त्याला अनुच्छेद वाचून दाखवा.

कानडीवर माझा राग नाही. बाजारात आपण सगळेच ती बोलतो, उधारीसुद्धा कानडीत मागतो. जुना कारकून खडूस होता, चहापाणी मागायचा, पण अर्ज मराठीत नेला तर शिव्या घालत का होईना, समोर बसून कानडीत भरून द्यायचा. तो गेला, चहापाणीही गेलं म्हणतात. त्याचं शिव्या घालत समजून घेणं तेवढं कुठल्याच खांबात बसवलेलं नाही.

त्याच्या जागी दहावा खांब उभा आहे, स्टँडजवळच्या कॉम्प्युटर सेंटरमधलं पोरगं. धोरणात त्याचं नाव नाही, पण तो उठून गेला तर धोरण पडतं. “सर्व्हर डाऊन हाय वो मामा, संध्याकाळी या,” हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय गावातली कुठलीही सेवा सुरू होत नाही. त्याच्याकडे एक दोनशेपानी वही आहे. तुमचा आधार, मोबाईल, पासवर्ड, बायकोचं माहेरचं नाव, सगळं तिच्यात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, वही त्याच्या आधीची आहे. तिच्यावर चहा सांडू देऊ नका. आणि त्याने डिजीलॉकर काढून दिला असेल तर आभार माना. त्यातला कागद मुळाच्या बरोबरीचा मानावा असा केंद्राचा नियम आहे, म्हणून त्याच्या दोन झेरॉक्स काढून अर्जाला जोडा.

राहिला ज्ञानेश्वराचा प्रश्न. आधार केंद्र सरकारचं, उतारा राज्याचा, त्यामुळे तक्रार कुठेही केली तरी ती दुसऱ्याची निघते. उतारा दुरुस्त करायचा तर तहसीलदार कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील. त्यापेक्षा आधारवरचं नाव बदला. फक्त हिशेबाने, कारण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. एक संधी आत्ता ‘जे’साठी खर्च करा. दुसरीला हात लावू नका. दाव्याचा निकाल लागून महाराष्ट्रात गेलात, तर परत ‘डी’ करून घ्यायला लागेल.