गांडुळांचा डबा

रविवारी पहाटेच्या टिटवाळा लोकलमध्ये समोरच्या काकूंनी विचारलं, "गणपतीला का?" मी "हो" म्हटलं. पिशवीत श्रीखंडाचा रिकामा डबा, त्यात ओली माती आणि चाळीसएक गांडुळं. शेजारी बसलेला अकरा वर्षांचा भाचा असा काही फिसकन हसला की काकूंना संशय आलाच. बाप्पा, माफ कर.

आम्ही काळू नदीवर गळ टाकायला चाललो होतो. पाऊस सरून पाणी निवळलं की मी जाते. भर पावसात जात नाही. एक तर नदी भरवशाची नसते, आणि दुसरं म्हणजे वलगण. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला ओढ्यांतून पार भातखाचरांपर्यंत चढतात. लहानपणी मामाबरोबर रात्री बत्ती घेऊन मीही ते धरलेत, त्यांच्या अंड्यांची गाबोळी मिटक्या मारत खाल्लीय. आता नाही धरवत. समुद्रात १ जून ते ३१ जुलै बोटी बंद असतात, नदीतल्या माशांना तेवढी उसंत कोणी देत नाही. मी हे बोलले की मामा अजूनही चिडतो.

सामान म्हणाल तर बांबूची काठी, तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, बारीक गरी म्हणजे गळाचा आकडा, थोडं शिसं आणि तरंगायला जुन्या स्लिपरच्या रबराचा तुकडा. भाच्याला गांडूळ हातात धरायला अर्धा तास लागला, मग गरीत ओवायला आणखी अर्धा. पण एकदा बसला तो बसलाच. रबराचा तुकडा दोनदा नुसता थरथरला. मी कुजबुजले, "थांब, चाखतोय." तिसऱ्यांदा तुकडा तिरका होत खाली गेला आणि त्याने काठी उचलली. शिंगटी! वीतभरसुद्धा नाही, पण मिशा फेंदारून बसलेली. तिला घाईने धरायचं नसतं. पाठीवरचा एक आणि दोन्ही कल्ल्यांमागचा एकेक काटा ती ताठ करून अडकवून ठेवते, आणि तो टोचला की हात तासभर ठणकतो. त्या काट्यांच्या मागून बोटं कशी घालायची ते मामाने मला शिकवलं होतं, मी भाच्याला शिकवलं. एवढीच आमच्याकडची वडिलोपार्जित इस्टेट.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. एवढ्यासाठी टिटवाळा का गाठायचं? आमचं ठाणं म्हणे तलावांचं शहर. मासुंदा, उपवन, कचराळी, रायलादेवी, सिद्धेश्वर... पोरांना नावं पाठ आहेत. पण त्यातल्या एकाही तलावाच्या पाण्यात माझ्या भाच्याने कधी हात बुडवलेला नाही. आपण तलाव बघतो, त्याच्याभोवती चालतो, सेल्फी काढतो, पाणीपुरी खातो. मध्ये कठडा. एकदा एका तलावाच्या पायरीवर नुसते पाय सोडून बसले होते, गळबिळ काही नाही, तरी वॉचमनने शिट्टी मारून उठवलं. "मॅडम, बेंचवर बसा." बेंचची पाठ तलावाकडे होती, हे त्याला कोण सांगणार?

कठडे उगाच आले नाहीत, कबूल. माणसं बुडतात, निर्माल्याच्या पिशव्या पडतात. आणि तलावात मत्स्यबीज सोडून कोणी रोहू-कटला वाढवत असेल, तर त्याचं पीक मी फुकट का न्यावं? मला ते मासे नकोतच. पण चार पायऱ्या तरी उघड्या ठेवा की! सकाळी दोन तास, कोणीतरी लक्ष ठेवायला, आणि पोरांना कळू दे की मरळ अधूनमधून पाण्यावर तोंड काढून हवा घेते, तिलापिया पिल्लं तोंडात सांभाळते. ही तिलापिया मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली आपल्या देशात आणली, आणि आता गळ टाकावा तिथे तीच. भाचा म्हणाला, "म्हणजे आपल्या सोसायटीसारखंच, सगळे बाहेरून आलेले." माझ्या सासरेबुवांसमोर हे बोलू नकोस, एवढंच मी त्याला बजावलं.

दुपारपर्यंत तीन शिंगट्या आणि एक छोटी तिलापिया. मधले दोन तास काहीच लागलं नाही. खंड्या मात्र समोरच्या फांदीवरून दोनदा सूर मारून दोन्ही वेळा मासा घेऊन गेला. आमच्याकडे बघितल्यासारखं वाटलं मला. आम्ही डब्यातली चटणी-भाकरी खाल्ली आणि पाण्याकडे बघत बसलो. काय बोललो ते विचाराल तर आठवत नाही.

घरी ताईने मासे बघून कपाळावर हात मारला. "एवढ्यासाठी पहाटे चारला उठलात?" मग हळद, मीठ, तिखट लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तिनेच तळले. मासे चार, खाणारे पाच. मी भातावर नुसता तव्यातला मसाला घेतला.

रात्री भाच्याने उरलेली गांडुळं बाल्कनीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत सोडली. म्हणाला, "मावशी, पुढच्या वेळी इथूनच काढू." ताईला अजून माहीत नाही.