सुतळी बॉम्बचा दाखला इथे लागू पडत नाही

अकरावीतल्या भाचीने काल रात्री एक फॉरवर्ड पाठवला. दीर्घिकांची, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहांची अंतरं म्हणजे शास्त्रज्ञांच्या थापा, असा त्याचा सूर. खाली तिचा प्रश्न: "मावशी, मग आम्ही हे शिकतो कशाला?" त्या प्रश्नाने माझं डोकं फिरलं.

फॉरवर्डमधला एकेक मुद्दा घेते. "टेप लावायला कोणी गेलं होतं का?" एव्हरेस्टची उंचीही दुरून कोन मोजूनच काढली होती. पुढे.

"दिवाळीत प्रत्येक सुतळी बॉम्ब वेगळा वाजतो, मग फुटणाऱ्या ताऱ्याच्या उजेडावरून अंतर कसं कळणार?" पोरांना हाच मुद्दा पटतो, कारण तो अर्धा खरा आहे. आयए प्रकारचे सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होणारे श्वेत बटू (इंधन संपलेल्या ताऱ्यांचे उरलेले दाट गाभे), सगळे सारखे तेजस्वी नसतात. कबूल. पण खगोलशास्त्रज्ञ मार्क फिलिप्स यांनी 1993 मध्येच दाखवलं की जास्त तेजस्वी असतो तो सावकाश मंदावतो, कमी तेजस्वी असतो तो भरभर. तेज शिखरावर पोचल्यानंतरच्या 15 दिवसांत ते किती उतरलं हे पाहिलं की मूळ तेज कळतं. ते किती क्षीण होऊन आपल्यापर्यंत पोचलं, त्यावरून अंतर निघतं. मूळ तेजाचं हे माप जवळच्या दीर्घिकांतल्या सेफीड ताऱ्यांशी (ठरावीक लयीत उजळणारे-मंदावणारे तारे, त्या लयीवरून त्यांचं मूळ तेज कळतं) ताडून बसवलेलं आहे.

याची परीक्षाही झाली आहे. एनजीसी 1316 या एकाच दीर्घिकेत 1980 ते 2006 दरम्यान असे चार स्फोट दिसले. एकाच अंगणात फुटलेले चार बॉम्ब! 2010 मध्ये छापलेल्या अभ्यासात तिघांवरून अंतर जवळजवळ एकच आलं, सुमारे 5.8 कोटी प्रकाशवर्षं. चौथा फारच झपाट्याने मंदावणारा, त्याचं उत्तर जुळलं नाही. तेही त्याच अभ्यासात लिहिलं आहे. थापा मारणारा माणूस स्वतःचं न जुळलेलं उत्तर छापेल का?

"शास्त्रज्ञांचंच आपसात जमत नाही." हे मात्र मान्य करावं लागतं. विश्वप्रसरणाचा दर (अंतराच्या दर 32.6 लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला किती किलोमीटर) सुपरनोव्हांवरून 73 च्या आसपास येतो, विश्वाच्या आरंभकाळातल्या प्रारणावरून 67 च्या. वाद गंभीर आहे आणि अजून मिटलेला नाही. पण मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर की एकशे बासष्ट, एवढ्याच अंतराचा तो आहे. त्यावरून पुणंच खोटं ठरत नाही.

भाचीला मी त्या चौघांचे आलेख पाठवलेत. प्रत्येकावर 15 दिवसांची खूण कर आणि चौथा कोणता ते मला न विचारता ओळख, असं सांगितलंय.