बिलिंगवरच्या पोरीला सोडा!

परवा घोडबंदर रोडच्या एका मॉलमध्ये दोन टॉवेल घेतले. बिलिंगवरची पोरगी म्हणाली, "मॅडम, आमचं क्रेडिट कार्ड काढा ना." नको म्हटलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारताना तिची नजर मागे उभ्या मॅनेजरकडे. स्कॅनरशेजारी चिठ्ठी चिकटवलेली: आज ५ कार्डं. तिच्या नावापुढे शून्य. सकाळपासून उभी आहे ती! घड्या घालायच्या, बिलं करायची, वर बँकेचं कर्जही तिनेच विकायचं? पैसे थकले की अशा कार्डांवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं, हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार? न मागता कार्ड देऊ नका, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच बजावलंय. तरी माणूस नको नको म्हणतोय आणि यांचं चालूच! आणि टार्गेट हुकलं की बोलणी त्या पोरीने का खायची? एवढी हौस असेल तर साहेबांनी उभं राहावं काउंटरवर!