झोपेची गोळी एका रात्रीत बंद करायची नसते

सात मुद्द्यांचा एक फॉरवर्ड सध्या जोरात फिरतोय. प्रत्येक मुद्द्यापुढे हिरवं पान, आणि शेवटी ठरलेलं वाक्य : ‘डॉक्टर तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत.’ परवा तो मावशीकडून आला आणि खाली तिचा प्रश्न होता, ‘मग आजपासून गोळी बंद करू ना?’ ती कित्येक वर्षं रोज रात्री क्लोनाझेपाम घेते. एरवी असले मेसेज न वाचता पुसून टाकता येतात. हा नाही टाकता येत.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. एक, नैसर्गिक पूरकांना (सप्लिमेंट्सना) दुष्परिणाम नसतात. दोन, मेलाटोनिन (शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं हार्मोन) १० मिलिग्रॅम घ्या. जितकं जास्त, तितकी गाढ झोप. तीन, मॅग्नेशियमची कमतरता प्रत्येकालाच असते. चार, अश्वगंधा आणि व्हॅलेरियन (गुंगी आणणारी एक वनस्पती) एकत्र घ्या. पाच, झोपेची गोळी त्याच रात्री फेकून द्या. सहा, जुनाट थकवा म्हणजे थकलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी. २१ दिवसांत बरा, सोबत रोज भरपूर व्यायाम करा. सात, रोज भरपूर बायोटिन (बी गटातलं एक जीवनसत्त्व) घ्या, रक्ततपासण्यांवर वेळ घालवू नका.

पाचव्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या सहांनी बहुधा पैसे जातील किंवा तब्येत बिघडेल. पाचव्याने माणूस जाऊ शकतो.

क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम ही सगळी बेन्झोडायझेपिन गटातली औषधं. मेंदूत गाबा नावाचं रसायन चेतापेशींना शांत ठेवतं आणि या गोळ्या त्याचा जोर वाढवतात. महिनोन्‌महिने रोज घेतल्या की मेंदू त्यांना सरावतो आणि आपला स्वतःचा ब्रेक सैल सोडतो. मग गोळी एकदम काढली तर काय होतं? छातीत धडधड, घाम, हातांना कंप, जिवाची घालमेल, आधीपेक्षा वाईट निद्रानाश आणि काहींना थेट फीट. अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीए हिने २०२० मध्ये या गटातल्या सगळ्या औषधांच्या माहितीपत्रकात ठळक चौकटीतला इशारा घालायला लावला, त्यात हेच आहे : औषध अचानक थांबवलं किंवा झपाट्याने कमी केलं, तर जिवावर बेतू शकणारी लक्षणं उद्भवू शकतात.

यात एक फसवी गोष्ट आहे. अल्प्राझोलाम शरीरातून लवकर उतरतं, त्यामुळे त्रास एक-दोन दिवसांत सुरू होतो आणि माणूस घाबरून परत गोळी घेतो. क्लोनाझेपाम सावकाश उतरतं. पहिले दोन-तीन दिवस बरे जातात, ‘बघा, काही झालं नाही, पूरकांनी काम केलं’ असं वाटतं, आणि त्रास त्यानंतर सुरू होतो. तोवर दोष कशाला द्यायचा हेही कळेनासं होतं. मेलाटोनिनने ही पोकळी भरत नाही. ते वेगळ्याच रिसेप्टरवर काम करतं, गाबाच्या ब्रेकशी त्याचा संबंध नाही. व्हॅलेरियनचा गाबाशी थोडाफार संबंध असावा असं मानतात, पण फीट रोखण्यासाठी त्याच्यावर विसंबणं हा वेडेपणा आहे.

‘बरं, मग अर्धी-अर्धी करून सोडतो’ हा त्यावरचा घरगुती तोडगा. त्याचा हिशेब करून बघू. बेन्झोडायझेपिन उतरवण्याबद्दल अमेरिकेतल्या वैद्यकीय संघटनांनी मिळून २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत सुरुवातीची घट ५ ते १० टक्के, तीही दर दोन ते चार आठवड्यांनी, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून जास्त कपात साधारणपणे करू नये, असं म्हटलं आहे. ०.५ मिलिग्रॅमच्या गोळीची अर्धी गोळी म्हणजे एका फटक्यात ५० टक्के कपात. वरच्या मर्यादेच्या दुप्पट! म्हणून डॉक्टर ०.२५ ची गोळी लिहून तिचे तुकडे करायला सांगतात (०.५ वरून ०.३७५ वर), किंवा द्रवरूप औषध देतात, किंवा आधी सावकाश उतरणाऱ्या औषधावर नेतात. शेवटचे टप्पे सगळ्यात अवघड, तिथे वेग आणखी कमी करावा लागतो. सावकाश विरघळणाऱ्या प्रकारची गोळी तर तोडायचीच नसते, नाहीतर सगळा डोस एकदम सुटतो. महिन्यातून एखादी गोळी घेणाऱ्याला हे सोपस्कार लागत नाहीत. महिनाभराहून अधिक काळ रोज घेणाऱ्याला लागतात.

आता पहिला मुद्दा, ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल, अन्नातून रोज पोटात जाणारं. याहून नैसर्गिक काय असणार? १९८९ मध्ये अमेरिकेत झोपेसाठी ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या घेणाऱ्या दीड हजारांहून अधिक लोकांना स्नायूंच्या भयंकर वेदनांचा एक आजार झाला, तीसहून जास्त माणसं दगावली. धागा मुख्यतः एकाच उत्पादकाच्या दूषित मालापर्यंत पोचला. रेणू नैसर्गिक होता, माल कारखान्यातच तयार झालेला होता.

अश्वगंधेबद्दल थोडं मान्य करावं लागेल. पाच लहान चाचण्या, मिळून ४०० माणसं, यांच्या एकत्रित विश्लेषणात झोपेत छोटी पण खरी सुधारणा दिसली. रोज ६०० मिलिग्रॅम किंवा अधिक अर्क, आठ आठवडे किंवा अधिक घेणाऱ्यांत जरा जास्त. इतकंच. दुसऱ्या बाजूला, अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत : सुरू केल्यापासून साधारण २ ते १२ आठवड्यांत कावीळ आणि अंगभर खाज. थायरॉइडचे हार्मोनही ती वाढवू शकते, म्हणजे थायरॉइडची गोळी घेणाऱ्याचा बसलेला डोस विस्कटतो. गर्भारपणात घ्यायची नाही. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. ती बंदी योग्य की अतिरेकी यावर वाद घाला हवा तर, पण ‘शून्य दुष्परिणाम’ हे धादांत खोटं आहे. आणि मेसेज ती कशासोबत घ्यायला सांगतो? गुंगी आणणाऱ्या दुसऱ्या वनस्पतीसोबत. ज्यांनी गोळी फेकली नाही, त्यांच्यासाठी तिसरी गुंगी त्याच रात्री.

मेलाटोनिनवर जरा थांबू, कारण फॉरवर्डची सगळी भिस्त त्याच्यावर आहे. मेलाटोनिन माणसाला पाडून झोपवत नाही. ‘रात्र झाली’ एवढा निरोप ते शरीराला देतं, आणि निरोप ओरडून दिला म्हणून रात्र लवकर होत नाही. १९ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात झोप लागायचा वेळ सरासरी ७ मिनिटांनी घटला आणि एकूण झोप सुमारे ८ मिनिटांनी वाढली. लांबच्या विमानप्रवासाने बिघडलेलं घड्याळ लावायला आणि मुळातच पहाटे दोन-तीनला झोप येणाऱ्यांना ते उपयोगी पडतं, हे खरं. पण विमानप्रवासाच्या बाबतीतही ५ मिलिग्रॅमच्या वर जाऊन जास्त फायदा दिसलेला नाही. उलट मोठ्या डोसने सकाळी डोकं जड, चित्रविचित्र स्वप्नं. घड्याळ मागे-पुढे करायचं असेल तर मात्रेइतकीच वेळ महत्त्वाची. चुकीच्या वेळी घेतलं तर घड्याळ उलट्या दिशेला सरकतं. नैराश्यावरचं फ्लुव्हॉक्सामिन चालू असेल तर रक्तातलं मेलाटोनिन कितीतरी पट वाढतं, तेव्हा त्या जोडीच्या वाटेला जाऊच नये.

आणि ‘१० मिलिग्रॅम’ म्हणजे नक्की किती? २०१७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी बाजारातली ३१ मेलाटोनिन पूरकं तपासली. लेबलवर लिहिलंय त्यापेक्षा ८३ टक्के कमी ते ४७८ टक्के जास्त, इतका फरक निघाला. ८ बाटल्यांमध्ये सेरोटोनिन होतं, ज्याचा लेबलवर उल्लेखच नव्हता. म्हणजे १० लिहिलेल्या गोळीत दोनसुद्धा असू शकतात आणि पन्नासहून जास्तही.

एक संदर्भ नीट लक्षात ठेवण्यासारखा. अमेरिकेतल्या निद्रावैद्यकाच्या अकादमीची निद्रानाशावरील औषधांबद्दलची २०१७ ची मार्गदर्शक सूचना. त्यात मेलाटोनिन, व्हॅलेरियन आणि ट्रिप्टोफॅन ही तिन्ही प्रौढांच्या जुनाट निद्रानाशासाठी वापरू नयेत असं सुचवलंय. या शिफारशी ‘कमकुवत’ दर्जाच्या आहेत, हेही सांगतो, नाहीतर कुणीतरी तेवढंच शोधून आणेल. पण त्याच कागदातल्या झोपेच्या गोळ्यांच्या शिफारशीही त्याच दर्जाच्या आहेत. तेव्हा ‘गोळ्या तरी कुठे चांगल्या’ हा टोमणा अर्धा खरा आहे. त्यातून ‘म्हणून आज रात्री फेका’ मात्र निघत नाही.

मॅग्नेशियमचा मुद्दा उरकतो. वयस्कांवरच्या तीन छोट्या चाचण्यांत झोप सुमारे १७ मिनिटं लवकर लागली. पुरावा हलक्या प्रतीचा. अमेरिकी शिफारशीनुसार पूरकातून दिवसाला ३५० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. ऑक्साइड स्वरूपातलं घेतलं तर पोट सैल होतं, आणि रात्रभर शौचालयाच्या खेपा घातल्यावर कसली झोप! किडनीचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये, मॅग्नेशियम साठून हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. थायरॉइडच्या गोळीत आणि यात चार तासांचं अंतर हवं.

सहावा मुद्दा वाचून खरंच डोकं फिरलं. ‘अ‍ॅड्रिनल फटीग’ नावाचा आजार वैद्यकशास्त्रात नाही. २०१६ मध्ये ५८ अभ्यासांची पद्धतशीर छाननी झाली, आधार सापडला नाही. अ‍ॅड्रिनल ग्रंथी खरोखर निकामी होतात तो आजार वेगळा, गंभीर, आणि त्याचं निदान रक्ताच्या तपासणीने होतं. पण खरी गंमत ‘अ‍ॅड्रिनल सपोर्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पूरकांत आहे. २०१८ मध्ये अशी १२ पूरकं तपासली, तर बाराच्या बारांत थायरॉइडचा हार्मोन सापडला आणि सातांत निदान एक तरी स्टिरॉइड. म्हणजे ‘२१ दिवसांत तरतरी’ कुठून येते ते कळलं? हार्मोन आणि स्टिरॉइड चोरून दिली तर कुणालाही तरतरी येईल. पुढे मात्र बाहेरून येणाऱ्या स्टिरॉइडमुळे आपल्या ग्रंथी मंदावतात, आणि बाटली संपली की माणूस आधीपेक्षा जास्त कोलमडतो.

शिवाय थकव्याच्या तळाशी बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी असतं. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, उठल्यावर डोकेदुखी आणि दिवसा बसल्याबसल्या डुलकी ही लक्षणं झोपेतल्या श्वासरोधाची. तिथे पूरक देणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. झोपेची तपासणी करून श्वासमार्ग उघडा ठेवणारं यंत्र लावलं की थकवा उतरतो. दुसऱ्या टोकाला, सहा महिन्यांहून जास्त टिकणारा थकवा, झोपूनही ताजंतवानं न वाटणं आणि थोड्या श्रमानेही एक-दोन दिवसांनी पार गळून जाणं हा वेगळा आजार, क्रॉनिक फटीग सिंड्रोम. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०२१ च्या सूचना त्याबद्दल स्पष्ट आहेत : बरा करण्यासाठी कोणतंही औषध वा पूरक देऊ नये. ‘सोबत रोज भरपूर व्यायाम करा’ ही मेसेजमधली पुरवणी अशा रुग्णाला सरळ अंथरुणाला खिळवू शकते.

राहिलं बायोटिन आणि ‘तपासण्या नकोत’. जास्त डोसचं बायोटिन तपासण्याच खोट्या पाडतं. अनेक यंत्रांवर टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी४ खोटा जास्त दिसतो, आणि थायरॉइड वाढल्याचं चित्र उभं राहतं. हृदयविकाराच्या झटक्यात पाहतात ते ट्रोपोनिन खोटं कमी येऊ शकतं. अशा चुकीच्या अहवालानंतर एक रुग्ण दगावल्याचं एफडीएने २०१७ मध्ये नोंदवलं. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बायोटिन बंद ठेवा आणि प्रयोगशाळेत तसं सांगा.

एका बाबतीत मेसेज चुकून खऱ्याच्या जवळ गेलाय : कमतरतेमुळे थकवा येतो. लोहाचा साठा कमी असेल तर हिमोग्लोबिन ठीक असूनही थकवा येतो, आणि पाय वळवळून झोपमोड होते. बी-१२ चंही तसंच, विशेषतः अनेक वर्षं मधुमेहावरचं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत. पण ते कळतं फेरिटिन (यावरून लोहाचा साठा कळतो) आणि बी-१२ तपासूनच. थॅलेसेमियाच्या किंवा शरीरात लोह साठणाऱ्या माणसाने अंदाजाने लोह घेतलं तर अवयव खराब होतात. साठा खरंच कमी निघाला तर लोहाची गोळी दिवसाआड घेतली तरी चालते, शोषण उलट बरं होतं.

मग निद्रानाशावर काय? अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या कॉलेजने २०१६ मध्ये पहिला उपचार म्हणून सांगितला तो गोळीचा नाही, झोपेच्या सवयी आणि विचार बदलणाऱ्या उपचारपद्धतीचा. ढोबळ रीत अशी : दोन आठवडे झोपेची नोंद ठेवायची. समजा रोज नऊ तास पलंगावर पण झोप साडेपाच तास, म्हणजे कार्यक्षमता ६१ टक्के. मग पलंगावरचा वेळ साडेपाच तासांवर आणायचा : सहाला उठायचं असेल तर साडेबाराच्या आधी पाठ टेकायची नाही. (पाच तासांच्या खाली कधीच नाही.) कार्यक्षमता आठवडाभर ८५ टक्क्यांच्या वर राहिली की १५ मिनिटं वाढवायची. अंदाजे वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून मंद उजेडात बसायचं, घड्याळ न बघता. पहिले दोन आठवडे दिवसा पेंग येते, तेव्हा गाडी चालवणं टाळावं. फीट किंवा बायपोलरचा त्रास असलेल्यांनी हे डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये. गोळी टप्प्याटप्प्याने उतरवताना या उपचाराची जोड दिली, तर ती सुटण्याची शक्यता वाढते.