पांढरी पाचच्या किंचित वर

गेल्या शनिवारी दुपारी दादरमधील एका वाद्यांच्या दुकानात उंच स्टुलावर बसून, मांडीवर इलेक्ट्रिक गिटार घेऊन आणि डोळे मिटून मी आयुष्यातील बहुधा सर्वांत आर्त स्वर वाजवत असताना मागून एका गृहस्थांनी अत्यंत सौजन्याने विचारले, "लावून झाली का हो?"

मी वाजवत होतो ते ब्लूज हे अमेरिकन संगीत. त्यात तार बोटाने ओढून स्वर चढवतात. विशेषतः कोमल गंधार शुद्ध गंधाराच्या दिशेने थोडा सरकवून मध्येच, कुठल्याच पट्टीवर नसलेल्या जागी, ठेवतात. त्या अधांतरी जागेतच या संगीताचे सगळे दुःख साठवलेले असते. ती जागा सापडायला मला चार वर्षे लागली होती आणि ती सापडली त्याच क्षणी मी अजून वाद्य जुळवतो आहे असा समज झाला होता. 1971 साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी वाद्ये जुळवून घेतली, तेव्हा श्रोत्यांनी ते वादनच समजून टाळ्या वाजवल्या होत्या आणि जुळवणेच इतके आवडले असेल तर वादन अधिक आवडेल अशी आशा रविशंकरांना व्यक्त करावी लागली होती. त्या प्रसंगाचा हिशेब अर्ध्या शतकानंतर दादरमध्ये माझ्याकडून वसूल करण्यात आला, असेच मला वाटले.

मुळात या फंदात मी पडलो तो 2011 साली वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूज गिटारवादक बडी गाय यांना ऐकल्यामुळे. निवृत्तीनंतर जुन्या लाकडी गिटारवर भागेना, म्हणून सहा महिने अभ्यास करून मी दोन गिटारी निश्चित केल्या. पहिली, फेंडरने 1954 साली काढलेल्या स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीची: भरीव लाकूड, तीन पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेत उतरवणारे चुंबकी भाग, आणि प्रत्येक पिकअपमध्ये तारेचे एकच वेटोळे. दुसरी, गिब्सनने 1958 साली काढलेल्या 335 च्या धर्तीची: कडेने पोकळ, मधोमध भरीव ठोकळा आणि हंबकर पिकअप. एकेरी वेटोळ्याचा स्वर काचेसारखा स्वच्छ असतो, परंतु आसपासच्या विजेच्या तारांचा गुणगुणाटही ते इमानेइतबारे टिपते. हंबकरमध्ये उलटसुलट गुंडाळलेली दोन वेटोळी एकमेकांचा गुणगुणाट खोडून टाकतात. नवराबायकोने एकाच वेळी बोलून दोघांचेही म्हणणे बाहेर ऐकू येऊ न द्यावे, तसे. पहिली अठ्ठावन्न हजारांना होती, दुसरी बहात्तर हजारांना.

येथे मला एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. ज्यांनी हे संगीत घडवले, त्यांच्यापैकी अनेकांनी डाकेने मागवलेल्या स्वस्त गिटारींवर आयुष्य काढले. शिकागोचा हाउंड डॉग टेलर जपानी बनावटीची हलक्या किमतीची गिटार वाजवी आणि त्यात त्याचे काहीही अडले नाही. बी. बी. किंग यांनी तर 1949 च्या हिवाळ्यात आर्कान्सातल्या ट्विस्ट गावी पेटलेल्या नाचघरात परत शिरून आपली गिटार बाहेर काढली होती आणि ज्या बाईवरून झालेल्या मारामारीत ती आग लागली, तिचेच ल्युसिल हे नाव त्यांनी पुढे आपल्या गिटारींना दिले. आज त्याच गरिबांच्या वाद्याला मुद्दाम खरवडून, रंग उडवून, जुने केल्याबद्दल जास्त पैसे घेतात. घरातील जुने कपाट आम्ही भंगारात दिले, तेव्हा असा भाव मिळाला नव्हता.

असो. दुकानातील मुलाने प्रथम "मुलगा कितव्या ग्रेडला आहे, काका?" असे विचारून माझे स्वागत केले. गिटार मलाच हवी आहे हे ऐकल्यावर त्याने मला ॲम्प्लिफायरला जोडले आणि तो मोबाइलकडे वळला. त्यानंतरचा माझा सर्व वेळ त्या गृहस्थांच्या ताब्यात गेला.

गृहस्थ सत्तरीचे होते. अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशाला दोन पेने, आणि पायाशी कापडी खोळीतील पेटी, जिचा भाता हवा धरत नसल्यामुळे ते दुरुस्तीसाठी आले होते. "लावून झाली का" या प्रश्नावर मी जरा ताठरपणेच "मी वाजवतो आहे" असे सांगितले.

"असं होय? मग गंधार तेवढा बघा," ते म्हणाले. "कोमलावरून निघता, शुद्धाकडे जाता आणि उंबऱ्यात उभे राहता. पाहुण्याने एक तर आत यावं, नाही तर आपल्या घरी जावं."

हे ब्लूज आहे, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे संगीत आहे आणि तो गंधार तसाच असतो, असे मी सांगितले. त्यांनी मान डोलावली. म्हणजे माझ्या अज्ञानाला त्यांनी क्षमा केली. "स्वर तर तुम्ही धानी रागाचेच घेताय. पण दोन्ही गंधार हवे असतील, तर जोग घ्या ना. जाताना शुद्ध, येताना कोमल. त्याला काही शिस्त आहे." मग जरा थांबून त्यांनी चौकशी केली, "आणि हा तंबोरा कोणी लावलाय?"

दुकानात तंबोरा नव्हता. भिंतीवर दोन होते, पण ते खिळ्याला लटकलेले होते. गृहस्थ डोळे मिटून ॲम्प्लिफायरच्या दिशेने कान करून बसले होते आणि माझ्या लक्षात आले की ते एकेरी वेटोळ्याच्या गुणगुणाटाबद्दल बोलत आहेत.

"पांढरी पाचच्या किंचित वर आहे," ते पेटीची पट्टी सांगत म्हणाले. "बारीक पंचमही बोलतोय. फार छान. आणि तुम्ही पांढरी सहात वाजवताय. तंबोरा एका बिऱ्हाडात, गाणारा शेजारच्या बिऱ्हाडात, असं कसं चालेल?"

तो तंबोरा नसून दोष आहे, विजेचा आवाज आहे, असे मी परोपरीने समजावले. तेवढ्यात त्या मुलाने मोबाइलवरून मान न काढता सुचवले, "काका, जरा फिरून बसा, हम कमी होईल." हे खरे असते, वेटोळ्याची दिशा बदलली की गुणगुणाट कमी-जास्त होतो. मी गिटारीसह स्टुलावर हळूहळू फिरू लागलो आणि आवाज मंदावला तेव्हा माझे तोंड नेमके पेट्यांच्या कपाटाकडे होते.

"पूर्व," गृहस्थ समाधानाने म्हणाले. एव्हाना तबल्याची शाई बघायला आलेले एक जोडपे आणि पाठीला गिटार लावलेला एक मुलगाही थांबला होता. या सर्वांसमोर मला पुन्हा पश्चिमेला फिरवण्यात आले, तंबोरा वाढतो हे सिद्ध झाले, आणि मी पुन्हा पूर्वेला आलो. बँकेत बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला भर दुकानात असे देवळातल्या घंटेसारखे कोणीही येऊन हलवावे, याचा राग मला तेव्हा आला नाही. तो दादर स्टेशनवर आला.

नंतर मी हंबकरवाली वाजवली. ती शांत होती. गृहस्थांचा चेहरा उतरला. "यात तंबोरा नाही," ते म्हणाले. "आणि ही महाग आहे?" मुलाने ताबडतोब मोबाइल खिशात टाकला आणि माझ्यादेखत जाहीर केले, "आजोबा बरोबर बोलतायत, सर. पहिलीत ते इनबिल्ट आहे." जो दोष लपवण्यासाठी त्याने मला फिरवून बसवले होते, तोच दोन मिनिटांत गुण झाला होता.

दोन्हींच्या स्वरात गृहस्थांना काय फरक वाटला, हे मी विचारायला नको होते. त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "फरक आहे, पण फार नाही. दोन्हींवर तुम्हीच ऐकू येता."

मी बहात्तर हजारांची घेतली. ती मला अधिक आवडली होती असे मी घरी सांगितले आहे; वास्तविक गृहस्थांनी पहिली सुचवली नसती, तर मी पहिलीच घेतली असती. वर तारांची उंची जुळवण्याचे दीड हजार वेगळे लावण्यात आले. नवी वस्तू वाजवण्याजोगी करून देण्याचे पैसे वेगळे का, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. मी पावती घडी घालत असताना मुलगा गृहस्थांना म्हणाला, "आजोबा, भात्याचे पैसे राहू द्या. तुमच्यामुळे गिऱ्हाईक पक्कं झालं." गिऱ्हाईक अजून तिथेच उभे होते.

रात्री सगळे झोपल्यावर, आवाज नको म्हणून, मी गिटार घेऊन स्वयंपाकघरात बसलो. ॲम्प्लिफायर लावला नव्हता, तरी गुणगुण होतीच. ती फ्रीजची होती. मी मोबाइलमधील ट्यूनर फ्रीजच्या पाठीशी धरला. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तनांची असते, फ्रीज त्याच्या दुपटीने म्हणजे 100 ने गुणगुणतो, आणि पांढरी पाच खालच्या सप्तकात येते 98 वर. काटा पांढरी पाचच्या 35 सेंट वर, म्हणजे अर्ध्या स्वराच्या एकतृतीयांशाहून थोडा वर, जाऊन थांबला. किंचित वर. माणूस पाच मिनिटे बसून, नुसत्या कानाने, पेटी बंद असताना हे सांगून गेला होता.

सहाही तारा 35 सेंट वर चढवायला वेळ लागला. मधेच पाणी प्यायला उठलेल्या सौभाग्यवतींनी फ्रीज उघडला, तेव्हा आतला दिवा माझ्यावर पडला आणि मी पूर्वेकडे तोंड करून बसलो आहे, हे माझ्या ध्यानात आले.