सर्व्हर बंद केला म्हणजे दार बंद झालं?

भाचा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आयटी सांभाळतो, म्हणजे प्रिंटरच्या शाईपासून सर्व्हरपर्यंत सगळं तोच. शनिवारी रात्री त्याने एक फॉरवर्ड पाठवला, खाली प्रश्न: "मामा, हें खरें काय?" मजकूर असा: पावसात ऑफिसला धावू नका, सर्व्हरच्या मॅनेजमेंट पोर्टला (सर्व्हर दुरून सांभाळण्यासाठी मागे असलेलं वेगळं नेटवर्क सॉकेट) राउटरवरून थेट बाहेरची वाट द्या. सोळा अक्षरी पासवर्ड ठेवा, पोर्ट नंबर बदला. सर्व्हर बंद असेल तर प्रश्नच नाही, आणि केबल काढली की विषय संपला.

हा मजकूर मला तिसऱ्यांदा आला. आधी दोनदा गप्प बसलो. पण भाच्याने राउटरवर तसा नियम करूनही टाकला होता!

'सर्व्हर बंद असेल तर प्रश्नच नाही' म्हणे. अहो, त्या पोर्टामागे मदरबोर्डवरच बीएमसी नावाचा वेगळा छोटा संगणक असतो. त्याचा प्रोसेसर वेगळा, मेमरी वेगळी, सॉफ्टवेअरही वेगळं. प्लगमध्ये वीज आहे तोवर तो जागा. बंद पडलेला सर्व्हर दुरून चालू करणं हेच तर त्याचं काम. रविवारी कारखाना बंद होता, म्हणून भाच्याला म्हटलं, शटडाउन कर आणि मागच्या बाजूला जाऊन बघ. पंखे थांबले, स्क्रीन काळी झाली, पण मॅनेजमेंट पोर्टाचा हिरवा दिवा लुकलुकतच होता. त्याने व्हिडिओ पाठवला, खाली काही लिहिलं नाही.

आता सोळा अक्षरं. बीएमसीशी दुरून बोलायचा आयपीएमआय २.० हा प्रोटोकॉल, म्हणजे बोलण्याचे ठरलेले नियम, २००४ चा. त्यात लॉगिन करताना समोरच्याने युजरनेम बरोबर सांगितलं की पासवर्ड तपासायच्या आधीच सर्व्हर त्या पासवर्डचा हॅश, म्हणजे पासवर्डवरून गणित करून काढलेला ठसा, त्याच्या हातात ठेवतो. मग तो घरी नेऊन निवांत फोडत बसायचं, किती वेळा चुकलं ते मोजणारं कुणी नाही. ही चूक प्रोटोकॉलच्या रचनेतच आहे, त्यामुळे दुरुस्तीचा पॅच येणार कुठून? सोळा अक्षरं खरोखर वेडीवाकडी असतील तर फोडायला जन्म जाईल, हे मान्य. पण आपल्याकडे सोळा अक्षरं म्हणजे कंपनीचं नाव आणि पुढे चालू वर्ष.

आणि पासवर्ड विचारलाच नाही तर? २०१७ मध्ये एचपीई कंपनीच्या सर्व्हरवरच्या बीएमसीत, म्हणजे आयएलओ ४ मध्ये, हेच सापडलं. वेब विनंतीच्या 'कनेक्शन' हेडरमध्ये इंग्रजी 'ए' हे अक्षर २९ वेळा लिहायचं, की लॉगिनशिवाय आत. फर्मवेअर, म्हणजे बीएमसीचं आतलं सॉफ्टवेअर, त्याच्या २.५३ आवृत्तीत ते दुरुस्त झालं. तुमच्या सर्व्हरचं फर्मवेअर शेवटचं कधी बदललंत, आठवतंय?

पोर्ट नंबर बदलण्याबद्दल काय बोलायचं! आयपीएमआयचा नेहमीचा ६२३ बदलून ६६२३ केलात तरी इंटरनेटवर उघडे पोर्ट शोधत फिरणाऱ्या स्कॅनर प्रोग्रॅमला तो सापडतोच.

केबलचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, नाइलाजाने कबूल करतो. काही बोर्डांवर 'फेलओव्हर' हे सेटिंग आधीपासून चालू असतं. मॅनेजमेंट पोर्ट रिकामा दिसला की बीएमसी गुपचूप मुख्य लॅन पोर्टावर जाऊन बसतो. सेटिंग 'डेडिकेटेड', म्हणजे फक्त मॅनेजमेंट पोर्टच वापर, असं केलं, तरच केबल काढण्याला अर्थ.

जुलैच्या पावसात रात्री अकराला पणजीहून कुंडई गाठायची म्हणजे काय, ते मलाही ठाऊक आहे. दुरून प्रवेश हवाच, पण आधी व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कात शिरायचा कुलूपबंद बोगदा, आणि मग मॅनेजमेंटचं वेगळं व्हीएलएएन, म्हणजे बाकी यंत्रांपासून तोडलेला नेटवर्कचा कप्पा. अमेरिकेच्या एनएसए आणि सीसा या सरकारी सुरक्षा संस्थांनी जून २०२३ मध्ये बीएमसीसाठी खास मार्गदर्शन काढलं, त्यातही वेगळं व्हीएलएएन, सर्व्हरबरोबर आलेला मूळ पासवर्ड बदलणं आणि फर्मवेअर अद्ययावत ठेवणं हेच सांगितलंय.

भाच्याने राउटरवरचा नियम काढला. मग विचारलं, ती मॅनेजमेंटची केबल जाते कुठे? सीसीटीव्ही आणि हजेरीचं अंगठा मशीन लावलंय त्याच स्विचमध्ये. आज संध्याकाळी तिथून काढतोय म्हणाला.