समुपदेशक नंतर, आधी गेट सांभाळा

घरात मार खाणाऱ्या बाईच्या कामावर काय परिणाम होतो, हे लेखात नेमकं मांडलंय. पण मालकांनी समुपदेशक नेमावा हा सल्ला आमच्या जळगाव एमआयडीसीतल्या पंधरा-वीस बायांच्या डाळ मिलला कसा लागू पडणार?

मी अशाच मिलमध्ये सुपरवायझर होतो. मे महिना, वर पत्रे तापलेले, आणि पॅकिंगवरची एक ताई साडीवरच्या शर्टाची बटणं मनगटापर्यंत लावून बसायची. वजनात चुका, आठवड्यातून दोनदा उशीर. मी काय केलं? अर्धा दिवस कापला. डबा खाताना बाही वर सरकली तेव्हा दिसलं. विचारलं तर म्हणे, "काही नही भाऊ, पाय घसरना." पगाराच्या दिवशी नवरा गेटवर हजर, आणि आमचा वॉचमन त्याला पाहुणा समजून खुर्ची द्यायचा!

पगार तिच्याच खात्यात टाकणं, नवऱ्याचा फोन आला तर तिची शिफ्ट न सांगणं, कोर्टाच्या तारखेला खाडा न धरणं, याला किती खर्च येतो? 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्यात कलम 18 खाली दंडाधिकारी नवऱ्याला तिच्या कामाच्या जागी यायलाही मनाई करू शकतात. तसा आदेश असेल तर त्याची झेरॉक्स वॉचमनकडे हवी.

आणि 181 हा हेल्पलाइन नंबर बायांच्या संडासाच्या दाराला आतून चिकटवा. नोटीस बोर्डासमोर सगळ्यांदेखत उभी राहून कोण उतरवून घेणार?